अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए पेशी कशी सांधते: यीस्टवर करून पाहायची रीत

एकाच नळीतलं यीस्ट दोन प्लेटवर सारखं पसरायचं. दोन्ही प्लेट अतिनील दिव्याखाली मोजून तेवढेच सेकंद धरायच्या. मग एक प्लेट तासभर साध्या ट्यूबलाइटखाली ठेवायची आणि दुसरी फॉइलमध्ये गुंडाळायची. तीन दिवसांनी अंधारातल्या प्लेटवर तुरळक कॉलन्या (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) दिसतात आणि उजेडातल्या प्लेटवर त्याहून कितीतरी जास्त. इजा दोघींना सारखीच झाली होती. फरक पडला तो माऱ्यानंतरच्या एका तासात.

बीएस्सीच्या प्रात्यक्षिकांत अतिनील किरण बहुतेक वेळा जंतू मारणारे म्हणूनच भेटतात. मारा किती केला, मेले किती, आलेख काढला, जर्नलवर सही झाली. दुरुस्तीचा भाग, जो खरा पाहण्यासारखा आहे, तो खोलीतल्या ट्यूबलाइटखाली कुणाच्या ध्यानीमनी नसताना उरकून जातो आणि वर आकडेही बिघडवतो. म्हणून ही रीत दुरुस्ती हाच मुख्य विषय धरून लिहिली आहे.

बिघाड नेमका कसला

डीएनए २६० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण सर्वांत जास्त शोषतो. जंतुनाशक दिवा म्हणून मिळणारी पाऱ्याच्या वाफेची नळी मुख्यतः २५४ नॅनोमीटरचे किरण देते, म्हणजे जवळजवळ वर्मावरच बोट. डीएनएच्या एकाच धाग्यावर दोन थायमिन, किंवा थायमिन आणि सायटोसिन (ही डीएनएची अक्षरं), शेजारी-शेजारी आले असतील तर किरण शोषल्याबरोबर त्यांच्या पाचव्या आणि सहाव्या कार्बनमधले दुहेरी बंध उघडतात आणि शेजारी शेजाऱ्याला चिकटतो. मधे चार कार्बनचं चौकोनी कडं तयार होतं. याला सायक्लोब्युटेन डायमर म्हणतात. अतिनील किरणांमुळे होणाऱ्या बिघाडांपैकी साधारण तीन-चतुर्थांश याच जातीचे. उरलेल्यांत मुख्य म्हणजे ६-४ जोड: एकाचा सहावा कार्बन दुसऱ्याच्या चौथ्या कार्बनला बांधला जातो आणि धागा जास्तच वाकतो.

चौकोनी कडं तर पिकोसेकंदांत तयार होतं. धागा तुटत नाही, हे नीट लक्षात घ्या. शिवण अखंड असते, फक्त दोन टाके एकमेकांत अडकलेले असतात. पण डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम त्या टाक्यापाशी येऊन अडतं. नक्कल अडली की पेशीची वाढ अडते, आणि असे शेकडो टाके अडकले की पेशीची कॉलनी होत नाही. आपण मोजतो ते हेच.

यीस्ट कुठून आणायचं

पुण्यात रविवार पेठेत बेकरीचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळणारं कोरडं यीस्ट चालतं, पण थेट पाकिटातून नाही. त्यात लॅक्टिक आम्लाचे जिवाणू मिसळलेले असतात, आणि ते प्लेटवर उगवले की मोजणीचा बट्ट्याबोळ होतो. आधी यीस्ट स्ट्रीक करून, म्हणजे प्लेटवर रेघांनी ओढून, सुटी कॉलनी घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली कळ्या फुटलेल्या अंडाकृती पेशी दिसतायत ना ते पाहा, आणि तीच कॉलनी पुढे वापरा. दुसरा आणि चांगला मार्ग म्हणजे पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम संग्रह. सॅकरोमायसिस सेरेव्हिसीची शुद्ध, नोंदलेली जात तिथून विभागामार्फत मागवता येते. बेकरीच्या जातींत गुणसूत्रांचे दोन किंवा जास्त संच असतात, त्यामुळे त्या चिवट असतात. सुरुवातीच्या लहान मात्रांना त्या फारशी दाद देत नाहीत आणि आलेखाला सुरुवातीला सपाट खांदा येतो. तो खांदा चूक नव्हे. तेवढ्या मात्रेपर्यंत दुरुस्ती बिघाडाला पुरी पडते, एवढाच त्याचा अर्थ.

माध्यम वायईपीडी. एका लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम आणि आगर २० ग्रॅम. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. अर्ध्या लिटरमध्ये ९ सेंटिमीटरच्या २५ प्लेट होतात, आणि या प्रयोगाला तेवढ्याच लागतात. प्लेट आदल्या दिवशी ओता आणि उलट्या करून रात्रभर सुकू द्या. ओलसर प्लेटवर पेशी पाण्याच्या थेंबांत गोळा होतात आणि एकमेकींच्या सावलीत लपतात.

पेशी तयार करणं

आगर न घातलेल्या १० मिली वायईपीडीत एक कॉलनी सोडा आणि २८ ते ३० अंशांवर १८ ते २४ तास हलवत ठेवा. ३००० आरपीएमवर ५ मिनिटं फिरवून वरचं पाणी ओता, ०.८५ टक्के सलाइनमध्ये पेशी पुन्हा मिसळा, आणि हे धुणं दोनदा करा. धुण्याचा कंटाळा करू नका. यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये न्यूक्लिक आम्लं आणि अमिनो आम्लं ठासून भरलेली असतात. तीही २५४ नॅनोमीटरचे किरण शोषतात, आणि तुमची मात्रा पेशींऐवजी त्यांच्यावर खर्च होते. शेवटी व्होर्टेक्सवर मिनिटभर हलवा. सूक्ष्मदर्शकाखाली चार-पाच पेशींचे झुपके दिसले तर आणखी हलवा, कारण झुपक्यातली एक पेशी जरी जगली तरी एक कॉलनी उगवते आणि मेलेल्या चौघींचा हिशेब बुडतो.

हिमोसायटोमीटरवर, म्हणजे पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेवर, मोजा. समजा शंभरपट पातळ केलेल्या नमुन्यात मधल्या १ चौरस मिलिमीटरमध्ये १२० पेशी दिसल्या. १२० गुणिले १०,००० गुणिले १००, म्हणजे एका मिलीत १२ कोटी. आता १ मिली नमुना ९ मिली सलाइनमध्ये, त्यातला १ मिली पुढच्या ९ मिलीत, असं करत पाच नळ्या करा. पाचवी नळी म्हणजे लाखपट पातळ. तिच्यातला ०.१ मिली पसरला की प्लेटवर सुमारे १२० पेशी येतात, आणि मोजायला हा आकडा सोयीचा. ३० पेक्षा कमी कॉलन्या असलेल्या प्लेटवर भरवसा ठेवता येत नाही. ३०० च्या वर गेल्या की कॉलन्या एकमेकींत मिसळतात.

मारा वाढला की जगणाऱ्या कमी होतात, म्हणून पेशी जास्त पसराव्या लागतात. प्रति चौरस मीटर ०, ५०, १००, २०० आणि ३०० ज्यूल अशा पाच मात्रा ठरवा. प्रत्येक मात्रेला चार प्लेट: दोन पातळ्यांच्या, आणि प्रत्येक पातळीची एक उजेडासाठी, एक अंधारासाठी. शून्य मात्रेला चारही प्लेट पाचव्या नळीच्या. ५० आणि १०० ला चौथी आणि पाचवी नळी, २०० ला तिसरी आणि चौथी, ३०० ला दुसरी आणि तिसरी. दोन पातळ्या यासाठी की उजेडातल्या आणि अंधारातल्या आकड्यांत इतका फरक पडू शकतो की एकीवर मोजण्याजोग्या कॉलन्या येतात तेव्हा दुसरी गच्च भरलेली असते. या झाल्या २० प्लेट. उरलेल्या पाचांतली एक काहीही न पसरता ठेवा, एक झाकण न काढता माऱ्याखाली धरा, तीन हाताशी असू द्या.

दिवा, अंतर आणि मात्रा

मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. प्लेटच्या जागी तीव्रता प्रति चौरस मीटर २ वॅट असेल तर ५० ज्यूलला २५ सेकंद, १०० ला ५०, २०० ला १००, ३०० ला १५०. अतिनील किरणांची तीव्रता मोजणाऱ्या मीटरवर आकडा बहुधा मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये येतो. तिथले १०० म्हणजे इथला १ वॅट. हे रूपांतर चुकलं की सगळा प्रयोग शंभरपटीने चुकतो, आणि चुकतो बऱ्याचदा याच पायरीवर.

लॅमिनारमध्ये, म्हणजे निर्जंतुक कामाच्या पेटीत, असते ती १५ वॅटची नवी नळी १ मीटरवर साधारण ०.५ वॅट प्रति चौरस मीटर देते. अंतर निम्मं केलं की तीव्रता चौपट होईल असं धरून चालू नका. तो नियम बिंदूएवढ्या दिव्याचा, आणि ही नळी आहे जवळपास ४५ सेंटिमीटर लांब. इतक्या जवळून ती बिंदूसारखी वागत नाही. शिवाय जुनी झाली की नळी डोळ्यांना तेवढीच निळी दिसते, पण २५४ ची तीव्रता घटलेली असते. म्हणून दिव्यावरच्या छापील आकड्यावर जाऊ नका, प्लेटच्या जागेवर मोजा. मीटर नसेल तर ज्यूल लिहूच नका. अंतर आणि सेकंद लिहा, आणि त्याच दिव्याखाली त्याच जागी सगळ्या प्लेट धरा. उजेड आणि अंधार यांची तुलना त्याने बिघडत नाही.

दिवा लावून १५ मिनिटं तापू द्या आणि मग प्रयोग संपेपर्यंत बंद करू नका. मारा सुरू आणि बंद करायचा तो पुठ्ठ्याने. प्रत्येक वेळी बटण दाबलं तर पहिले काही सेकंद दिवा पूर्ण जोरात नसतो, आणि २५ सेकंदांच्या मात्रेत ते सेकंद फार महाग पडतात.

मारताना प्लेटचं झाकण काढा. पॉलिस्टायरीनचं झाकण २५४ चे किरण जवळजवळ पूर्ण अडवतं, साधी काचही अडवते. झाकणासकट धरलेल्या प्लेटवर शून्य मात्रेइतक्याच कॉलन्या आल्या की ही गोष्ट सांगून नव्हे, दाखवून झाली.

आता तुमची कातडी. २५४ नॅनोमीटरसाठी आठ तासांच्या कामाला वर्षानुवर्षं धरली गेलेली मर्यादा आहे प्रति चौरस मीटर ६० ज्यूल. २ वॅटच्या तीव्रतेत ती ३० सेकंदांत संपते, म्हणजे प्लेटला पहिली मात्रा मिळते जवळपास तेवढ्यातच. पॉलीकार्बोनेटचा फेस शील्ड, पूर्ण बाह्यांचा एप्रन आणि नायट्राइलचे हातमोजे घाला. हातमोजा आणि बाही यांच्या मधली मनगटाची दोन बोटं जागा उघडी राहते आणि नेमकी तिथेच पट्टी भाजते. हातमोजा बाहीवर ओढून घ्या. डोळ्यांना लागलं तर तेव्हा काहीच कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री घरी गेल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. असं झालं तर डोळे चोळू नका, नेत्रतज्ज्ञाकडे जा.

उजेड आणि अंधार

माऱ्यापासून पुढचं सगळं मंद पिवळ्या किंवा लाल दिव्यात करा. खिडकीला पडदा, ट्यूबलाइट बंद. मारा झाल्या झाल्या अंधाराच्या प्लेट झाकण लावून फॉइलमध्ये दोन पदरी गुंडाळा, आणि उजेडाच्या प्लेट झाकणासह ट्यूबलाइटखाली मांडा. दोन ट्यूब, १५ सेंटिमीटर अंतर, ६० मिनिटं. फॉइलमधल्या प्लेटही त्याच टेबलावर ठेवा, म्हणजे दोघींना तापमान सारखं मिळेल आणि फरक उजेडाचाच राहील. प्लेटशेजारी थर्मामीटर ठेवा आणि पारा ३० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

इथे दिव्याची निवड महत्त्वाची. दुरुस्ती करणारं एन्झाइम आहे फोटोलायेझ. ते साधारण ३५० ते ४५० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतं, आणि यीस्टच्या एन्झाइमची सर्वांत जास्त भूक ३८० च्या आसपास असते. जुन्या पद्धतीच्या ट्यूबमध्ये पाऱ्याच्या ४०५ आणि ४३६ च्या रेषा असतात, त्यामुळे ती कामाची. पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश मुख्यतः ४५० च्या आसपास असतो आणि त्याखाली फारसं काही नसतं. खोली लख्ख उजळते, पण एन्झाइमच्या वाट्याला थोडंच येतं. कॉलेजांतून ट्यूब जाऊन एलईडी आल्यापासून हा प्रयोग फसण्याचं हे एक साधं कारण आहे. ट्यूब मिळत नसेल तर उत्तरेच्या खिडकीत, काचेआड, थेट ऊन नसलेला दिवसाचा उजेड घ्या. थेट उन्हात बंद प्लेट बघता बघता तापते आणि मग पेशी उष्णतेने मरतात.

फोटोलायेझचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. ते अंधारातही डीएनएवरून डायमर हुडकून त्याला धरून बसतं. चिकटलेली जोडी ते धाग्यातून बाहेर वळवून आपल्या खळग्यात घेतं. प्रकाशाचा एक कण पडला की एन्झाइममधला एफएडी नावाचा सहायक रेणू एक इलेक्ट्रॉन डायमरला उसना देतो. चौकोनी कडं उघडतं, दोन्ही थायमिन सुटे होतात आणि इलेक्ट्रॉन परत एफएडीकडे येतो. इलेक्ट्रॉनची ही ये-जा एका नॅनोसेकंदाच्या आत आटोपते. काही कापलं जात नाही, काही भरलं जात नाही, अडकलेला टाका फक्त सोडवला जातो. मात्र यीस्टचं फोटोलायेझ सायक्लोब्युटेन डायमरच सोडवतं, ६-४ जोडाला हात लावत नाही. म्हणून तास दिला, दोन तास दिले, तरी मोठ्या मात्रेनंतर उजेडातली प्लेट शून्य मात्रेच्या प्लेटला गाठत नाही.

वाढवणं, मोजणं, हिशेब

सगळ्या प्लेट, उजेडाच्याही, आता फॉइलमध्ये ३० अंशांवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी खोलीच ३५ अंशांच्या पुढे जाते, आणि साधा इन्क्युबेटर गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. त्या दिवसांत थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटरच हवा. थंडीत उलट, बाहेर ठेवलेल्या प्लेट चार-पाच दिवस रेंगाळतात.

४८ तासांनी मोजण्याची घाई करू नका. मार खाल्लेल्या पेशी आधी दुरुस्ती करतात आणि मग वाढायला लागतात, त्यामुळे त्यांच्या कॉलन्या मागे पडतात. ७२ तासांनी मोजा. काही कॉलन्या तेव्हाही टाचणीच्या डोक्याएवढ्याच राहिलेल्या दिसतील. त्यांतल्या बऱ्याच पेटीट, म्हणजे मायटोकाँड्रियाचं श्वसन गमावलेल्या. त्याही जगलेल्याच, त्यांना गाळू नका.

जगलेल्यांचं प्रमाण काढताना हिमोसायटोमीटरचा आकडा थेट भागाकारात घेऊ नका, कारण धुतलेल्या नळीत आधीच मेलेल्या पेशीही असतात. शून्य मात्रेच्या प्लेटवरून पेरलेल्यांपैकी किती उगवतात ते काढा, आणि त्यावर बाकीच्या प्लेट तोला. आलेखात आडव्या अक्षावर मात्रा, उभ्या अक्षावर जगलेल्यांचं प्रमाण लॉग मापात. दोन रेघा मिळतील, एक अंधाराची, एक उजेडाची.

त्यांची तुलना आडवी करा. समजा २०० ज्यूल खाऊन उजेडात जेवढ्या जगल्या तेवढ्याच अंधारात ८० ज्यूलनंतर जगल्या असत्या, असं रेघेवरून दिसलं. म्हणजे उजेडाने २०० पैकी १२० ज्यूलचा घातक परिणाम पुसला, ६० टक्के. हा आकडा 'उजेडात दुप्पट कॉलन्या आल्या' या विधानापेक्षा कितीतरी भरीव. कॉलन्या किती पट ते मात्रेगणिक बदलत राहतं, पण पुसलेला हिस्सा वेगवेगळ्या मात्रांना बराचसा सारखा येतो. तसा आला तर प्रयोग नीट झाला असं समजा.

उजेड आणि अंधार यांच्यात फरकच दिसला नाही तर पहिला संशय खोलीतल्या दिव्यावर घ्या. प्लेट उघड्या ठेवून गप्पा झाल्या, फॉइल उशिरा लागलं, तर अंधाराच्या प्लेटचीही दुरुस्ती होऊन गेलेली असते. १९४८ मध्ये अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर इथे आल्बर्ट केल्नर याच घोळातून गेले होते. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसच्या बीजाणूंवर अतिनील मारा केल्यावर जगणाऱ्यांचे आकडे काही केल्या जुळत नव्हते. आधी तापमानावर संशय घेतला, आणि शेवटी कारण निघालं ते नमुन्यांवर पडणारा उजेड. प्रकाशाने होणाऱ्या दुरुस्तीचा शोध असा न जुळणाऱ्या आकड्यांतून लागला. तेव्हा आकडे जुळत नसतील तर ते खोडू नका, त्या दिवशी खोलीत कोणता दिवा कुठे होता ते वहीत लिहा.

दुसरा संशय उशिरावर. मारा झाल्यावर चार तासांनी उजेड दिला तर उपयोग कमी होतो. तोवर काही पेशी अंधारातली दुरुस्ती करून बसलेल्या असतात, काहींनी अडकलेल्या टाक्यासकट नक्कल सुरू केलेली असते. हाताशी ठेवलेल्या तीन प्लेट यासाठी वापरता येतात: एकाच मात्रेनंतर लगेच, दोन तासांनी आणि चार तासांनी उजेड.

अंधारातली दुरुस्ती

उजेड नसला तरी पेशी हात बांधून बसत नाही. इथे टाका सोडवत नाहीत, त्याच्याभोवतीचा सगळा तुकडा कापून काढतात. माणसाच्या पेशीत एक्सपीसी हे प्रथिन धागा कुठे वेडावाकडा झालाय ते हेरतं. जिथे वाक फार नसतो तिथे त्याला यूव्ही-डीडीबीची मदत लागते. मग टीएफटूएच हा प्रथिनांचा समूह येऊन दोन धागे उकलतो. त्यातलं एक्सपीडी धाग्यावरून सरकत जातं आणि खराब जागी अडतं. बिघाड खरोखर आहे याची ही दुसरी खातरजमा. एक्सपीए आणि आरपीए उघडे धागे सांभाळतात. एक्सपीएफ-ईआरसीसी१ एका बाजूने आणि एक्सपीजी दुसऱ्या बाजूने काप घेतात, आणि २४ ते ३२ न्यूक्लिओटाइडचा (न्यूक्लिओटाइड म्हणजे डीएनएच्या धाग्याचा एकेक दुवा) तुकडा निघून जातो. समोरच्या चांगल्या धाग्यावरून पॉलिमरेझ रिकामी जागा भरतं आणि लायगेझ शेवटची गाठ मारतं. जिवाणूंमध्ये हेच काम यूव्हीआर ए, बी आणि सी करतात आणि १२-१३ न्यूक्लिओटाइडचा तुकडा काढतात. तिथल्या कामाचा उलगडा केल्याबद्दल अझीझ सँकार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये तोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासोबत वाटा मिळाला. फोटोलायेझवरही त्यांचं मोठं काम आहे.

यीस्टमध्ये हीच मंडळी रॅड नावाने वावरतात: एक्सपीसीच्या जागी रॅड४, एक्सपीडीच्या जागी रॅड३, एक्सपीएफच्या जागी रॅड१, एक्सपीजीच्या जागी रॅड२.

ही दुरुस्ती पाहायची तर पेशींना वेळ द्यायचा आणि वाढू द्यायचं नाही. धुतलेल्या पेशी मिलीला ५० लाख अशा बेताने सलाइनमध्ये घ्या. त्यातले १० मिली उघड्या प्लेटमध्ये ओतले की थर दीड मिलिमीटरचा होतो. प्लेट हळूहळू गोल फिरवत मारा करा. याहून दाट केलं तर वरच्या पेशींची सावली खालच्यांवर पडते. आता हा द्रव फॉइलमध्ये गुंडाळलेल्या नळीत ३० अंशांवर ठेवा, अन्न नाही. लगेच, ६ तासांनी, २४ तासांनी आणि ४८ तासांनी थोडा-थोडा काढून, पातळ करून, वायईपीडीवर पसरा. सगळ्या प्लेट अंधारातच वाढवा. मारा तोच, तरी उशिरा पसरलेल्या पेशींत जगणाऱ्या जास्त निघतात. उपाशी पेशी नक्कल करायला धजत नाही, आणि तेवढ्यात कापून भरण्याचं काम पुढे सरकतं. मारा न केलेली एक नळीही सोबत ठेवायलाच हवी. नाहीतर उपासात मेलेल्यांचा आणि वाढलेल्यांचा हिशेब लागणार नाही.

आपल्या कातडीत

माणसात, आणि वार (प्लॅसेंटा) असणाऱ्या सगळ्याच सस्तन प्राण्यांत, फोटोलायेझ नाही. बेडकात आहे, कांगारूत आहे, झाडांत आहे, आपल्यात नाही. आपला सगळा भार कापून भरण्यावर. ६-४ जोड काही तासांत निघतात, सायक्लोब्युटेन डायमर निम्मे-अर्धे दुसऱ्या दिवशीही तिथेच असतात. शेजारी-शेजारी असलेल्या दोन सायटोसिनच्या जागी दोन थायमिन येणं हा अतिनील किरणांचा ठसा त्वचेच्या कर्करोगांतल्या जनुकांवर सापडतो. झेरोडर्मा पिगमेंटोझम या आजारात ही दुरुस्तीच जन्मतः अधू असते. जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये ते दाखवलं. एक्सपीसी, एक्सपीडी ही नावंही त्याच आजारावरून आली आहेत. अशा मुलांच्या चेहऱ्यावर अगदी लहानपणीच उन्हाचे दाट ठिपके येतात. तसं दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायला उशीर करू नका.

आणि स्कार्फ. पुण्यात दुचाकीवर डोळे सोडून सगळा चेहरा बांधून जाणाऱ्या मुली पाहिल्या की विज्ञान प्रदर्शनात कुणाला तरी हा प्रयोग सुचतोच: प्लेटवर स्कार्फचं कापड, दुसरीवर सनस्क्रीन, वर जंतुनाशक दिवा. कृपा करून तसं करू नका. २५४ नॅनोमीटरचे किरण साधं प्लॅस्टिकही अडवतं, त्यामुळे तिथे सगळंच उत्तम ठरतं. उन्हात हे किरण नसतात, ओझोनचा थर ते वरच शोषतो. आपल्यापर्यंत येतात ते २८० ते ३१५ मधल्या यूव्ही-बी पट्ट्यातले थोडे आणि ३१५ ते ४०० मधल्या यूव्ही-ए पट्ट्यातले बरेच. कापड तपासायचं तर उन्हातच.

पण साधं यीस्ट उन्हात काही मिनिटांनी फारसं मरत नाही, कारण ज्या उन्हाने बिघाड होतो त्याच उन्हावर त्याचं फोटोलायेझ चालतं. त्यासाठी रॅड१, रॅड१८ आणि पीएचआर१ ही तिन्ही जनुकं बंद पडलेली जात लागते. पीएचआर१ म्हणजे फोटोलायेझचं जनुक. शिक्षणासाठी वापरली जाणारी अशी एक जात जी९४८-१सी/यू नावाने ओळखली जाते. यीस्टवर काम करणाऱ्या संशोधकांकडे विभागामार्फत विचारणा करून अशी जात मिळवता येते. तिला फोटोलायेझच नसल्याने ट्यूबलाइटखाली निवांत काम करता येतं.

प्लेटला २०० पेशी पसरा, झाकणाऐवजी पातळ क्लिंग फिल्म ताणून लावा, खाली बर्फाची पिशवी आणि तिच्यावर टॉवेलची घडी. पुण्यात सूर्य माथ्यावर बारा वाजता नसतो, साडेबाराच्या सुमारास येतो. मे महिन्याच्या १३-१४ तारखेला तर तो अगदी डोक्यावर असतो. वेळा ०, २, ४, ८ आणि १६ मिनिटं घ्या. आधी कापडाशिवाय पाचही वेळांची रेघ काढा. निम्म्याहून जास्त पेशी मारणारी वेळ सापडली की तीच वेळ कापडासाठी पक्की करा. ढग आले तर तो दिवस सोडून द्या, कारण पातळ ढगातून बरेच किरण येतात पण किती ते दर मिनिटाला बदलतं. प्रत्येक कापडाबरोबर एक काळ्या कागदाने झाकलेली आणि एक नुसत्या फिल्मची प्लेट त्याच वेळी उन्हात हवी. काळ्या कागदाखालीही पेशी मेल्या तर त्या उष्णतेने मेल्या, बर्फ वाढवा.

कापड ताणून एकदा, सैल एकदा तपासा. विण जितकी दाट आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त अडवतं. मग त्याच सुती स्कार्फचा एक तुकडा कोरडा आणि एक भिजवून पिळलेला असे दोन प्लेटवर लावा. ओलं सुती कापड कोरड्यापेक्षा जास्त किरण आत सोडतं, घामाने भिजलेला स्कार्फही तसाच. काम झाल्यावर प्लेट धुऊन पुन्हा वापरू नका, ऑटोक्लेव्ह करून मगच टाका.